थंड पाण्याची डॉक्टरीण

आमच्या घरात पत्रक छापायला जाण्याआधी ते आईला वाचून दाखवायचं, असा नियम होता. नियम वडिलांचा. ते अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. लिहून झालं की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसत. आत आई विळीवर भाजी चिरत असे. ते वाचत जात, ती चिरत जाई. एखाद्या वाक्याला विळीचा आवाज थांबला की वडील पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ मारत. आई बोलत काही नसे. तिची शाळा चौथीपर्यंतची. वाक्यात काय चुकलंय हे तिला सांगता आलं नसतं, पण हात थांबायचा. "इथं हिचा हात थांबला तर गेटवर माणसंही अडणार," वडील म्हणत. "आणि अडलेला माणूस पत्रक खिशात घालतो आणि घरी जातो." मग त्या वाक्याची दोन वाक्यं व्हायची, नाहीतर ते जायचंच.

मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. उरलेली पत्रकं माझ्या वह्यांना कव्हर म्हणून लागायची. गणिताच्या वहीवर ठळक अक्षरांत 'मास्क आणि हातमोजे मिळालेच पाहिजेत' असं होतं. बाईंनी वही उचलून वर्गाला दाखवली आणि विचारलं, "कुणाकडून पाहिजेत? माझ्याकडून?" सगळा वर्ग हसला. मला लाज वाटायला हवी होती. मला उलट वाटलं, बाईंनी वाचलं तर खरं.

वडील मी बारावीत असताना गेले. पत्रकं लिहिणं माझ्याकडे आलं. कुणी सोपवलं नव्हतं, मीच घेतलं. नळाला पाणी येत नाही, रस्ता खणून ठेवलाय, दवाखान्यात साप चावल्यावरचं औषध नाही, असं काही झालं की मी लिहायचे आणि शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पिवळ्या कागदावर काढून आणायचे. प्रत्येक पत्रक आधी आईला वाचून दाखवायचे. एक सोडून.

आई तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या एका युनिटात जायची. तिचं काम धागा कटिंगचं. शिवून आलेल्या पँटीवर जागोजागी दोऱ्याची टोकं लोंबत असतात, ती कापायची. हातात एक छोटी कात्री असते, मुठीत मावणारी, तिला सगळे कटर म्हणतात. अंगठ्याने दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. एका पँटीला किती वेळा हे मी कधी मोजलं नाही. दिवसभर अंगठा चालूच. घरी आली की आई उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून बसायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, सवय झाली."

तिथल्या बायकांमध्ये थंड पाण्याच्या डॉक्टरणीची चर्चा मी आईच्या तोंडून ऐकली. पस्तिशीची एक बाई होती. मज्जासंस्थेवर संशोधन करणारी. एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिला खोली मिळाली होती. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. एकाआड एक शुक्रवारी ती बायकांना बोलवायची. हात बर्फाच्या पाण्यात घालायला सांगायची आणि विचारायची, दुखायला कधी लागलं, सहन होईना असं कधी झालं.

"आमची सिंधी मावशी म्हणते," आई हसत हसत सांगत होती, "'अरे, मैंने सोचा हाथ की कुल्फी बनाएगी ये. काडी लगा के बेचेगी.'"

"आणि तू सुट्टीच्या दिवशी तिथं जातेस?"

"मग? घरी बसून काय करू? तुझे कपडे धुऊ?"

मला ते आवडलं नाही. आठवड्यातली एक सुट्टी. ज्या हाताला सहा दिवस काम, तोच हात सातव्या दिवशी बर्फात. आईला मात्र तिथं जायला आवडायचं. जाताना ती चांगली साडी नेसायची. मी चिडवलं, "परीक्षा आहे का?" तर म्हणाली, "विचारतात गं सगळं नीट. लिहून घेतात. मी बोलते ते लिहून घेतात."

या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. मी नाही थांबले.

पाचव्या शुक्रवारी मी आईबरोबर गेले. खरं सांगायचं तर भांडायची तयारी करून गेले. खोली साधी होती. एक टेबल, दोन खुर्च्या, प्लॅस्टिकचा निळा टब, त्यात पाणी, बर्फ आणि एक थर्मामीटर. भिंतीवर माणसाच्या पाठीच्या कण्याचं चित्र. डॉक्टरीण बारीक अंगाची, चष्म्याची, आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. ती आईला 'ताई' म्हणत होती.

आईने मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. डॉक्टरणीने घड्याळ सुरू केलं. आई भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. मला बघवेना.

"ताई, दुखायला लागलं की सांगायचं हं."

"लागलं की सांगते ना."

"लागलं नाही अजून?"

"लागलंय थोडं. तुमचं लिहून होऊ दे म्हटलं."

डॉक्टरीण हसली, पण तिने पेन खाली ठेवलं. "ताई, मी सांगितलंय ना, माझ्यासाठी थांबायचं नाही. शून्य ते दहामध्ये किती?"

"दोन."

आईचं सगळं दोनच असायचं. डॉक्टरीण म्हणाली, "दहा म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात जास्त दुखणं. बाळंतपण आठवा. तेव्हा किती होतं?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही," आई म्हणाली. "आणि मी पण मोजलं नाही बाई. ही रडतेय का ते ऐकत होते."

मग दुसरी चाचणी. बोथट टोकाची प्लॅस्टिकची एक काडी. ती अंगठ्याच्या बुडाशी एका लयीत दहा वेळा टेकवायची, दर वेळी तेवढ्याच जोराने. पहिल्याला किती, दहाव्याला किती, एवढंच सांगायचं. मी त्या वेळी टेबलावरचा संमतीचा फॉर्म फोनमध्ये उतरवून घेत होते. चार पानं होती. मराठी असं की मला, जिचा धंदाच प्रूफं वाचायचा, तिलाही एकेक वाक्य दोनदा वाचावं लागलं. 'सदर अभ्यासातील सहभागामुळे आपणांस प्रत्यक्ष वैद्यकीय लाभ होईलच असे नाही.' माझं डोकं सणकलं. म्हणजे हिचा हात घ्यायचा, हिची सुट्टी घ्यायची आणि वर लिहून द्यायचं की तुला काही मिळणार नाही.

मागे आईचा आवाज आला. "पहिली दोन. दहावी…" ती जरा थांबली. "दहावी पाच."

डॉक्टरणीने मान वर केली. मागचं पान उलटून पाहिलं. "आधीच्या चारही वेळा दहावी दोनच होती, ताई."

"आज लागली जरा."

"पुढच्या वेळी नक्की या. चुकवू नका."

मी विचारलं, "याचा उपयोग काय?" माझा आवाज चढलेला होता. तिने शांतपणे सांगितलं. तेच दुखणं रोज रोज मिळालं तर माणसाची मज्जासंस्था त्याच्याशी दोन तऱ्हांनी वागते. काही जणांचे मेंदू आणि मज्जारज्जू ते दुखणं हळूहळू मागे टाकतात. तीच टोचणी आणि कमी लागते. काही जणांचं उलटं होतं. नसा दुखणं पाठ करून ठेवतात, मग टोचणी तेवढीच असते पण लागते जास्त, आणि शेवटी साधा स्पर्शही लागायला लागतो. कुणाचं कुठे जाईल, ते आधी ओळखता येईल का, हे तिला पाहायचं होतं. "त्यासाठी तेच माणूस पुन्हा पुन्हा बघावं लागतं. एकदा बघून काही कळत नाही."

"म्हणजे सवय होते असं सिद्ध झालं की मालक म्हणायला मोकळे. बघा, सायन्स सांगतं, बायकांना सवय होते."

"मी तसं कुठेच लिहिणार नाही."

"तुम्ही नाही लिहिणार. ते वाचणार."

आईने माझा हात ओढला. "चल आता. बाईंना दुसऱ्यांचं पण बघायचंय."

परतीच्या रिक्षात मी बोलत होते. आईने हात पदराखाली घेतला होता. मला वाटलं, बर्फाने गार पडलाय.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लिहायला बसले आणि एका बैठकीत लिहून काढलं. मथळा होता: 'आमचे हात, तुमची प्रयोगशाळा?' मला अजून सगळं पाठ आहे. 'ज्यांनी आमच्या कामाचा वेग कधी मोजला नाही, ते आता आमच्या कळा मोजायला आले आहेत.' 'बर्फात हात घालून दुखणं शोधणाऱ्यांनो, ते शोधायला कारखान्यात या.' आणि चौकटीत, मोठ्या टाइपात: 'दोनावरून पाच! हीच का तुमची प्रगती?'

ते वाक्य मला फार आवडलं होतं. आईच्या तोंडचा आकडा, माझी धार.

आई स्वयंपाकघरात होती. पडवळ चिरत होती. उंबऱ्यापासून माझ्या टेबलापर्यंत चार पावलं. मी कागद उचलला आणि चप्पल घालून थेट झेरॉक्सच्या दुकानात गेले. घाई होती असं मी नंतर स्वतःला सांगितलं. घाई काहीच नव्हती. मला माहीत होतं की मथळ्यालाच विळी थांबेल.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला बरीच वर्षं लागली असती, पण आता लिहिते. पत्रक कुणाविरुद्ध असायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. हाताला कळा आल्या त्या कटरने, बसायच्या पाटाने, 'चल चल मावशी, माल संध्याकाळी जायचाय' म्हणणाऱ्या माणसाने. पण युनिटाविरुद्ध लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी आईला काम राहिलं नसतं. डॉक्टरणीविरुद्ध लिहून आमचं काही जाणार नव्हतं. ती उलटून बोलणारी नव्हती, तिच्या हातात आमचं काही नव्हतं. वडिलांनी उभ्या जन्मात गेटच्या आतल्या माणसाला सोडून दुसऱ्या कुणाविरुद्ध पत्रक काढलं नाही. मी मात्र सोपं माणूस निवडलं आणि त्यालाच तत्त्व म्हटलं.

पत्रक चाललं. कॅम्प पाचच्या युनिटांमध्ये जेवणाच्या सुट्टीत हातोहात फिरलं. मी रिक्षास्टँडवर उभी राहून वाटलं. एका बाईने वाचून विचारलं, "म्हणजे जायचं नाही काय?" मी म्हटलं, "तुम्ही ठरवा." पण माझा चेहरा 'जाऊ नका' असाच म्हणत असणार.

आईला ते कामावर मिळालं. शेजारच्या पाटावरच्या सिंधी मावशीने दिलं. संध्याकाळी आई घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले.

"वाचलं," ती म्हणाली.

"कसं आहे?"

"अक्षर बारीक काढलंस. चौकटीतलं तेवढं मोठं आहे."

एवढंच. पुढच्या पाळीच्या शुक्रवारी चांगली साडी कपाटातच राहिली. दहा वाजले, अकरा वाजले. आई तांदूळ निवडत होती.

"आज नाही गेलीस?"

"तू छापलंयस ना? आता मी तिथं जाऊन तुला खोटी पाडू?"

हे ऐकून मला आनंद झाला होता. हे मी लपवणार नाही. मला वाटलं, आईला पटलं. एक माणूस जिंकल्यासारखं वाटलं. त्यानंतरच्या पाळीला बाकीच्या बायकांपैकीही जवळजवळ कुणी गेलं नाही. पुढच्या महिन्यात मावशीने निरोप आणला, "डॉक्टरनी गयी. टब भी ले के गयी." मी मैत्रिणींना चहा पाजला.

मग काही महिने गेले. आईचा अंगठा दुखायचा तो मनगटापर्यंत आला, मनगटातून कोपरापर्यंत. धागा कटिंग सोडून तिने युनिटातच पँटींच्या घड्या घालायचं काम मागून घेतलं. हाताला आराम पडला तर कमी होईल असं आम्हाला वाटलं. झालं उलटंच. काम कमी झालं आणि दुखणं वाढलं. पंख्याचा वारा हाताला लागला की ती हात काढून घ्यायची. पदर घासला तरी कळ जायची. मी एकदा अंधाऱ्या बोळातून जाताना नेहमीसारखा तिचा हात धरला तर ती ओरडली. माझी आई कधी ओरडत नाही.

एका सकाळी ती साबण घेऊन मोरीत बसली होती. उजव्या हातातल्या बांगड्या काढत होती. दोन काचेच्या, हिरव्या.

वडील गेले त्या दिवशी बायका त्या बांगड्या फोडायला आल्या होत्या. आईने हात पाठीमागे घेतला होता. "त्यांनी नको सांगितलंय," एवढंच म्हणाली होती. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी उठून गेलं, गावाकडची एक काकू तर पुढे वर्षभर आमच्याशी बोलली नाही. आईने हात पुढे केला नाही तो नाहीच. तेव्हापासून त्या बांगड्या माझ्यासाठी नुसत्या बांगड्या नव्हत्या. त्यांच्यावर मी लेख लिहिला होता. आणि आता ती स्वतःच्या हाताने, साबण लावून, दात आवळून त्या काढत होती.

"टोचतात गं," ती म्हणाली. "काच नुसती टेकली तरी टोचते."

मी तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं दुखण्यासाठी वेगळी ओपीडी असते हे मला तेव्हा कळलं. तरुण डॉक्टरने कापसाचा बोळा आईच्या मनगटावरून फिरवला. आईने डोळे मिटले. "किती?" त्याने विचारलं. मला वाटलं, दोन म्हणेल.

"आठ," आई म्हणाली.

डॉक्टरने समजावलं तेव्हा मी त्याच्या पुढची वाक्यं आधीच ओळखत होते. स्नायूंची, शिरेची इजा आता फारशी उरलेली नाही. पण नसांनी दुखणं शिकून घेतलंय. धोक्याची घंटा वाजवणारा माणूस घंटा सोडायला तयार नाही. औषधं देऊ, व्यायाम देऊ, हळूहळू हाताला पुन्हा शिकवू. वेळ लागेल. पूर्ण जाईल असं सांगत नाही. मी विचारलं, "आधी आलो असतो तर?" तो म्हणाला, "लवकर आलेलं बरं असतं. तुमच्या आईच्या बाबतीत किती फरक पडला असता, ते मी आज कशावरून सांगू? तेव्हाची काही नोंद आहे का?"

तेव्हाची नोंद होती. पाच शुक्रवारांची.

डॉक्टरीण बदलापूरला राहते हे मावशीकडून कळलं. सोनिवलीत नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत. मी दुपारी गेले. शेजारच्या रिकाम्या जागेत कुणाच्या तरी म्हशी बांधलेल्या होत्या आणि लिफ्टमध्ये अजून प्लायवूड ठोकलेलं होतं. तिने दार उघडलं, मला ओळखलं आणि बाजूला झाली. पाणी दिलं. साधं, माठातलं.

मी सरळ सांगितलं. आईच्या हाताबद्दल सगळं.  मग ती आतून एक फाइल घेऊन आली. त्यात माझं पिवळं पत्रकही होतं, घडी घातलेलं.

"तुमचं एक म्हणणं बरोबर होतं," ती म्हणाली. "फॉर्मची भाषा. मी तो इंग्रजीवरून करून घेतला होता. मलाही तो धड वाचता येत नव्हता. मी बायकांना तोंडी सांगायचे, पण लिहिलेलं तसंच ठेवलं. ती माझी चूक."

"आणि चौकटीतलं?"

"दोनावरून पाच? तेही बरोबरच होतं." तिने पत्रकाची घडी उघडली. "ते महत्त्वाचं आहे हे त्या खोलीत आपल्या दोघींनाच कळलं. तुम्ही ते छापलंत. मी पुढच्या शुक्रवारची वाट बघत बसले."

"मग त्याच वेळी का नाही पाठवलंत दवाखान्यात?"

"एखाद दिवशी असं होतं. झोप झाली नसेल, काम जास्त पडलं असेल. दोन वेळा लागोपाठ वाढलं की वेदनांच्या ओपीडीत पाठवायचं, असं ठरलेलं होतं. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहे."

तिसरं पान माझ्या फोनमध्ये होतं. इतके महिने होतं. मी तिच्यासमोर उघडून पाहिलं. 'सलग दोन तपासण्यांत वेदनासंवेदनशीलतेत वाढ आढळल्यास सहभागी व्यक्तीस पुढील उपचारार्थ संदर्भित करण्यात येईल.' वाक्य वाईट होतं. विळी इथंही थांबली असती. पण मी थांबून वाचणारी होते. मला पहिल्या पानावरच राग सापडला होता, मग तिसऱ्यापर्यंत कशाला जाऊ?

"फोन तरी करायचात आईला."

"जो येणं थांबवतो त्याला परत ओढायचं नाही असा नियम असतो. नीट नियम आहे तो. तुमच्यासारख्यांनीच भांडून करून घेतलेला." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "त्या शुक्रवारी मी कोपऱ्यावरून बर्फाची लादी आणून फोडून ठेवली होती. ताई पहिल्या यायच्या नेहमी. दुपारी दोन वाजता मी पाणी मोरीत ओतलं."

त्या पाच नोंदींचं काय झालं, मी विचारलं. तिने पान दाखवलं. पाच रकाने भरलेले, पुढचे कोरे. बाकीच्या बायकांचीही तशीच पानं. अर्धवट नोंदींवरून काही म्हणता येत नाही, म्हणून तिने ती बाजूला ठेवली होती. कुणाच्या नसा कुठल्या वाटेने जातात, ते आधी ओळखता येतं का, या प्रश्नाचं उत्तर उल्हासनगरमधून मिळालं नाही. कदाचित ओळखता आलंही नसतं. आईला पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन लागलं असतं कदाचित, आणि सगळं असंच झालं असतं. हे 'कदाचित' माझं आहे, ते मी तयार केलं. तो एक शुक्रवार झाला असता तर आज मला काहीतरी माहीत असतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. सगळं नाही सांगायचं असं ठरवलं होतं, पण तिसऱ्या पानाचंही सांगितलं, बर्फाचंही. मला वाटत होतं ती एकदा तरी रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"लादी आणली होती?" ती म्हणाली.

"हो."

"एकटीने? जिना केवढा आहे तिथला."

 मी माफी मागितली तर म्हणाली, "उठ, कुकर लाव."

डॉक्टरीण आता बदलापुरात नव्याने सुरुवात करतेय. नवीन बायका, शिवणकाम करणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या. आई त्यात बसत नाही. ज्यांचं दुखणं अजून कायमचं झालेलं नाही, त्यांच्यासाठीच ते आहे. डॉक्टरणीने मला फोन करून विचारलं, फॉर्म मराठीत लिहून द्याल का. मला वाटलं, ती मला शिक्षा देतेय. नंतर कळलं, तिला खरोखरच फॉर्म हवा होता.

मी लिहिला. चार पानांची दोन झाली. ओपीडीची गोष्ट तिसऱ्या पानावरून पहिल्या पानावर आली. मग कागद घेऊन मी उंबऱ्यात बसले.

विळी आता फळीवर असते. भाजी मीच चिरते, सुरीने, वाकडीतिकडी. आई पाटावर बसली होती, उजवा हात मांडीवरच्या उशीवर उताणा ठेवून. रोज दहा मिनिटं ती त्या हातावरून आधी मऊ फडकं फिरवते, मग जरा खरबरीत. दवाखान्याने सांगितलेला व्यायाम. परवा तिने सात सांगितलं. वाचायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की थांबायला आता आवाजच नाही. भाजी चिरणारा हात नाही, तर अडलं कुठे हे मला कळणार कसं?

"अडलं की मी सांगते," आई म्हणाली. "तोंड आहे ना अजून."

मी वाचत गेले. तिने एकदा अडवलं, 'संवेदना' शब्दावर. तिथं मी 'लागणं' केलं. पुढे एकदा म्हणाली, "हे भाषण वाटतंय, काढ." काढलं. मग शेवटचा भाग आला.

"'तुम्हाला कधीही थांबावंसं वाटलं तर थांबा. कारण सांगायची गरज नाही.'"

"इथं," आई म्हणाली.

"कठीण आहे?"

"नाही, समजलं. कारण सांगू नका, ते बरोबर आहे. पण येणार नाही एवढं तरी कळवा, असं लिही."

"तसं लिहिता येणार नाही आई. बायकांना सक्ती वाटेल. नियमात बसत नाही."

"मग 'जमलं तर' घाल आधी." तिने फडकं डाव्या हातात घेतलं, पण फिरवलं नाही. "मी न कळवता बसले घरी. ती बर्फ फोडून बसली होती."

मी लिहिलं: 'जमलं तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे बर्फ आणायला नको.' मोठ्याने वाचून दाखवलं. आई फडकं हातावरून फिरवायला लागली.  मग मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.